बाहेर वळणारा डोळा : त्याचें स्वरूप व उपचार

शरीराच्या व्यंगांवरून आपल्या भाषेंत जीं टोपणनांवें पडलीं आहेत, त्यांत डोळ्याच्या व्यंगाचा वांटा मोठा आहे. तिरळा, चकणा, हेकणा हे शब्द आपण घरांत व आळींत इतक्या सहजपणें उच्चारतों कीं, ज्याच्या तोंडावर ते उच्चारले जातात त्याच्या मनाला काय वाटत असेल, याचा विचार क्वचितच होतो. शिवाय या शब्दांत आणखी एक घोटाळा आहे. ज्याचा डोळा नाकाकडे वळतो तोहि तिरळाच, आणि ज्याचा कानाकडे वळतो तोहि तिरळाच ! वैद्यकाच्या दृष्टीनें मात्र या दोन अवस्था एकमेकींपासून पुष्कळच भिन्न आहेत. त्यांचीं कारणें वेगळीं, त्यांची सुरुवात वेगळ्या वयांत होते, आणि त्यांवरील उपचारांचे विचारहि वेगळे आहेत.

डोळा नाकाच्या बाजूस वळत असेल तर त्याला अंतर्वक्र आणि कानाच्या बाजूस वळत असेल तर त्याला बहिर्वक्र तिरळेपणा म्हणूं. युरोपीय वंशाच्या मुलांत पहिला प्रकार अधिक आढळतो, तर पूर्व आशियांतील देशांत दुसऱ्याचें प्रमाण अधिक आहे. पहिला प्रकार बहुधा ठळक व सतत दिसणारा असल्यामुळें घरच्यांच्या लवकर ध्यानांत येतो. दुसरा मात्र लपंडाव खेळतो. सकाळीं दिसत नाहीं, संध्याकाळीं दिसतो. आईला दिसतो, वडिलांना दिसत नाहीं. आणि डॉक्टरांपुढें नेऊन बसविलें कीं मूल दोन्ही डोळे अगदीं सरळ ठेवून पाहतें! मग "तुला उगीच भास होतो" असें म्हणून आईची बोळवण करण्यांत येते, व वर्षामागून वर्षें निघून जातात. म्हणूनच या दुसऱ्या प्रकाराची माहिती प्रत्येक सुशिक्षित कुटुंबांत असणें अगत्याचें आहे.

दोन डोळे, एक दृश्य

प्रत्येक डोळ्याच्या गोलकाला बाहेरून सहा स्नायु जोडलेले असतात. त्यांपैकीं आंतल्या बाजूचा स्नायु डोळा नाकाकडे ओढतो व बाहेरच्या बाजूचा कानाकडे. पहिल्याला मेंदूंतून निघणाऱ्या तिसऱ्या मज्जातंतूकडून आज्ञा मिळते, दुसऱ्याला सहाव्या मज्जातंतूकडून. दूरची टेंकडी पाहतांना दोन्ही डोळे समांतर राहतात. हातांतील पोथी वाचतांना दोन्ही थोडे आंत वळतात. डोळ्यांच्या खोबणी कवटींत नीट समोर तोंड करून बसविलेल्या नसून त्यांचे अक्ष पुढें येतांना एकमेकांपासून दूर जातात. त्यामुळें मेंदूचा ताबा सुटला, जसा तो गाढ भुलीखालीं सुटतो, म्हणजे डोळे बहुधा किंचित् बाहेरच झुकतात. सारांश, दोन डोळ्यांना एका वस्तूवर खिळवून ठेवणें हें मेंदूचें सततचें काम आहे. आणि हें काम ज्याला थोडें जड जातें त्याचा डोळा थकव्याच्या वेळीं बाहेर सरकतो.

दोन डोळ्यांच्या मध्यें अंतर असल्यामुळें एकच वस्तु त्यांना किंचित् निरनिराळ्या बाजूंनीं दिसते. या दोन चित्रांतील सूक्ष्म फरकावरूनच मेंदूला खोलीची जाणीव होते, हें चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालीं स्टीरिओस्कोप नांवाच्या यंत्राच्या साहाय्यानें दाखवून दिलें. दोन सपाट चित्रें दोन डोळ्यांना वेगवेगळीं दाखविलीं असतां त्यांतून एकच भरीव आकृति दिसूं लागते. याची प्रचीति घेण्यास यंत्राचीहि गरज नाहीं. एक डोळा मिटून सुईंत दोरा ओंवून पाहावा, किंवा हात लांब धरून फौंटन-पेनाला टोपण बसवून पाहावें, म्हणजे दुसऱ्या डोळ्याची किंमत ताबडतोब कळते.

डोळा बाहेर वळला कीं हीं दोन चित्रें जुळेनाशीं होतात. प्रौढ माणसाला अशा वेळीं एकाच्या दोन वस्तू दिसूं लागतात. लहान मुलाचा मेंदू मात्र लवचीक असल्यामुळें तो वळलेल्या डोळ्याकडून येणाऱ्या चित्राकडे दुर्लक्ष करावयास शिकतो. दुहेरी दिसण्याचा त्रास त्यामुळें टळतो. म्हणूनच मूल कसलीच तक्रार करीत नाहीं. पण ही सोय फार महाग पडूं शकते. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझेल या शास्त्रज्ञांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मांजरीच्या पिलांच्या एका डोळ्याचा आंतला स्नायु कापून तो डोळा मुद्दाम बाहेर वळविला. पिलें मोठीं झालीं तेव्हां त्यांच्या मेंदूंत प्रत्येक डोळ्याला एकेकटा प्रतिसाद देणाऱ्या पेशी होत्या. परंतु दोन्ही डोळ्यांना मिळून प्रतिसाद देणाऱ्या पेशी बहुतेक नाहींशा झाल्या होत्या. दोन डोळ्यांचें सहकार्य बालपणीं घडलें नाहीं तर पुढें त्याची जागाच उरत नाहीं, हा या प्रयोगाचा धडा होय. दृष्टि व मेंदू यांविषयींच्या संशोधनाबद्दल या दोघांना १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

बाहेर वळण्याचे प्रकार

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार म्हणजे अधूनमधून बाहेर वळणारा डोळा. तो बहुधा शाळेंत जाण्यापूर्वींच्या वयांत सुरू होतो. मूल दमलें असतां, आजारांतून उठलें असतां, झोपेला आलें असतां किंवा शून्यांत नजर लावून बसलें असतां एक डोळा हळूच बाहेर सरकतो. हांक मारली, पापणी लवली कीं पुन्हा जागेवर येतो. दूर पाहतांना तो अधिक सरकतो. अशा मुलाची आणखी एक खूण म्हणजे कडक उन्हांत गेल्यावर तें एक डोळा मिटून घेतें. मागच्या पिढींतील पुष्कळ मुलांना "तोंड वांकडें करूं नकोस" म्हणून या खुणेबद्दल बोलणीं खावीं लागलीं असतील !

दुसरा प्रकार दृष्टि गेलेल्या डोळ्याचा. मोतीबिंदू, मार, बुबुळावरील फूल किंवा आंतील पडद्याचा विकार यांमुळें एखाद्या डोळ्याला दिसेनासें झालें म्हणजे त्याला खिळवून ठेवण्याचें मेंदूला प्रयोजन राहत नाहीं, आणि मोठ्या मुलांत व प्रौढांत असा डोळा बहुधा बाहेर जातो. प्रसिद्ध फ्रेंच तत्त्वज्ञ झां-पॉल सार्त्र यांच्या उजव्या डोळ्याचें असेंच झालें होतें. अगदीं लहानपणीं त्या डोळ्यावर फूल पडून त्याची दृष्टि जवळजवळ गेली व तो कायमचा बाहेर वळला. म्हणून तिरळा डोळा ही नेहमींच मूळ व्याधि नसते. कधीं ती आंत दडलेल्या व्याधीची पाटी असते.

तिसरा प्रकार उपचारांतून उद्भवणारा आहे. योहान फ्रीड्रिख डीफेनबाख या जर्मन शस्त्रवैद्यानें १८३९ सालीं बर्लिन येथें आंत वळलेल्या डोळ्याचा स्नायु कापून तो सरळ करण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. युरोपभर तिचा मोठा गाजावाजा झाला. पण स्नायु नुसता कापून मोकळा सोडल्यामुळें कित्येकांचा डोळा पुढें उलट बाजूस, म्हणजे बाहेर, वळला. या अनुभवांतूनच पुढच्या पिढ्यांनीं स्नायु मोजून व बांधून ठेवण्याचें शास्त्र बनविलें. लहानपणीं अंतर्वक्र डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाचा डोळा बऱ्याच वर्षांनीं बाहेर वळूं लागल्याचीं उदाहरणें आजहि दिसतात.

चौथा प्रकार जवळच्या कामापुरता असतो. दोन्ही डोळे आंत वळविण्याची शक्ति कमी पडल्यामुळें वाचतांना ओळी सरकतात, अक्षरें दुहेरी दिसतात, कपाळ दुखतें. असें मूल अभ्यासाला कंटाळतें व आळशी ठरतें.

पांचवा प्रकार मज्जातंतूच्या दुखण्याचा. आणि त्याबद्दल अत्यंत सावध राहिलें पाहिजे. एखाद्या प्रौढ माणसाचा डोळा एकाएकीं बाहेर व खालीं वळला, त्याची पापणी पडली, बाहुली मोठी झाली आणि डोकें भयंकर दुखूं लागलें, तर मेंदूंतील रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याचा दाब तिसऱ्या मज्जातंतूवर पडला असण्याचा संभव असतो. मधुमेहामुळेंहि हा मज्जातंतु दुबळा होतो. पण कारण कोणतें हें ठरविणें घरच्यांचें काम नव्हे. अशा रोग्याला त्याच घटकेस मोठ्या रुग्णालयांत नेलें पाहिजे. चष्म्याच्या दुकानांत जाण्याची ही वेळ नसते.

घरीं काय पाहावें

नुकत्याच जन्मलेल्या मुलाचे डोळे पहिले कांहीं आठवडे इकडे तिकडे भटकतात, व ते बाहेरहि जातात. तेवढ्यानें घाबरूं नये. परंतु चार महिन्यांनंतरहि डोळा वळत असेल तर मूल नेत्रवैद्याला दाखवावें. कांहीं मुलांच्या दोन डोळ्यांत अंतर जास्त असल्यामुळें डोळे बाहेर वळल्याचा नुसता भास होतो. तोहि तपासणीनेंच निश्चित होतो.

खोलींत थोडा अंधार करून मुलाला समोर बसवावें व हातभर अंतरावरून बॅटरीचा मंद प्रकाश त्याच्या चेहऱ्यावर पाडावा. सरळ डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्याच जागीं दिसतो. डोळा बाहेर वळलेला असेल तर त्यांतील ठिपका बाहुलीच्या मध्यापासून नाकाच्या बाजूस सरकलेला आढळतो. घरोघरीं मोबाईलवर काढलेलीं मुलांचीं छायाचित्रें असतात. चेहरा समोर असलेलीं अशीं छायाचित्रें व डोळा वळत असतांना काढलेलें हलतें चित्र डॉक्टरांना दाखविल्यास निदानास मोठी मदत होते. दवाखान्यांत सरळ बसणारा डोळा तेथें पकडला जातो ! छायाचित्रांत एका बाहुलींत पांढरी चमक वारंवार दिसत असेल तर मात्र एक दिवसहि थांबूं नये. तें लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या कर्करोगाचें चिन्ह असूं शकतें. तेथें प्रश्न नुसत्या दृष्टीचा नसून जीवाचा असतो.

कांहीं समजुती

आपल्याकडे किंचित् तिरळेपणा भाग्याचें लक्षण मानणारीं घरें आहेत. लहानग्याला "लक्ष्मी-डोळ्याचा" ठरवून त्याचें कौतुक होतें, आणि तीच मुलगी उपवर झाली कीं तोच डोळा चिंतेचा विषय होतो. भाग्याची परीक्षा विवाहाच्या बाजारांत करण्यापेक्षां डोळ्याची परीक्षा चौथ्या वर्षीं केलेली बरी. "मोठेपणीं आपोआप जाईल" ही दुसरी समजूत. दृष्ट लागल्यामुळें किंवा दुसऱ्या तिरळ्या मुलाची नक्कल केल्यामुळें डोळा वळतो, या समजुतींना कांहीं आधार नाहीं. शस्त्रक्रियेच्या वेळीं डोळा बाहेर काढून ठेवतात, ही भीति तर सर्वस्वीं खोटी आहे.

उपचारांचा क्रम

नेत्रवैद्य प्रथम प्रत्येक डोळ्याची दृष्टि स्वतंत्रपणें तपासतो, औषध घालून चष्म्याचा नंबर काढतो, आंतील पडदा पाहतो, आणि एकेक डोळा आळीपाळीनें झांकून व त्रिकोणी भिंगें लावून डोळा किती वळतो तें मोजतो. हें माप पुन्हा पुन्हा घ्यावें लागतें, कारण अधूनमधून वळणाऱ्या डोळ्याचें माप रोज सारखें नसतें.

चष्म्याचा नंबर असल्यास तो देणें ही पहिली पायरी होय. अस्पष्ट दिसणाऱ्या चित्रांना जुळवून धरणें मेंदूला अवघड जातें. लघुदृष्टीच्या मुलाला योग्य चष्मा मिळाला कीं कित्येकदां डोळा अधिक वेळ सरळ राहूं लागतो. गरजेपेक्षां अधिक उणा नंबर देऊन डोळा ताब्यांत ठेवण्याची युक्तीहि वापरण्यांत येते. अमेरिकेंत ३८६ मुलांवर तिची परीक्षा होऊन २०२१ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभर तो चष्मा असेपर्यंत ताबा सुधारलेला दिसला. चष्मा हळूहळू काढून घेतल्यावर तीन महिन्यांनीं फरक उरला नव्हता, आणि दरम्यान त्या मुलांची लघुदृष्टि मात्र अधिक वाढली होती. यावरून ही युक्ति सरसकट वापरण्याची नव्हे, हें उघड आहे.

एका डोळ्याची दृष्टि मंद झाली असेल तर चांगल्या डोळ्यावर रोज कांहीं तास पट्टी लावून मंद डोळ्याकडून काम करून घेतात. फ्रान्समध्यें ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञानें चांगला डोळा झांकण्याचा हा उपाय १७४३ सालींच सुचविला होता. वय जितकें लहान तितका त्याचा गुण अधिक. पट्टी किती वेळ व किती दिवस हें डॉक्टरांनीं ठरवावयाचें असतें. घरच्या अंदाजानें लावूं नये.

वाचतांना आंत वळण्याची शक्ति कमी असेल तर व्यायामाचा खरा उपयोग होतो. ९ ते १७ वर्षांच्या २२१ मुलांवर झालेल्या व २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत दवाखान्यांत येऊन शिकविलेल्या व घरींहि केलेल्या व्यायामानें १२ आठवड्यांत शेंकडा ७३ मुलांना गुण आला. नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याच्या घरगुती व्यायामानें शेंकडा ४३ मुलांना. मात्र दूर पाहतांना वळणाऱ्या मोठ्या कोनाच्या डोळ्याला अशा व्यायामानें सरळ करण्याची आशा धरूं नये.

कांहीं वेळां थांबून पाहणें हाहि उपचारच असतो. ३ ते १० वर्षांच्या ज्या मुलांचा डोळा अधूनमधून वळतो त्यांना उपचाराविना तीन वर्षें नजरेखालीं ठेवलें असतां शंभरांत सुमारें १५ जणांचीच अवस्था बिघडली, असें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आढळलें. परंतु नजरेखालीं ठेवणें व विसरून जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. डोळा दिवसाचा अधिकाधिक वेळ बाहेर राहूं लागला, जवळ पाहतांनाहि वळूं लागला, अगर खोलीची जाणीव कमी होऊं लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

शस्त्रक्रियेंत बुबुळाला वा डोळ्याच्या आंतील भागाला हात लावीत नाहींत. डोळ्यावरील पातळ पारदर्शक आवरण बाजूस करून स्नायु उघडा करतात. दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायु कांहीं मिलीमीटर मागें नेऊन शिवतात, म्हणजे त्यांची ओढ कमी होते. किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा स्नायु मागें नेऊन आंतला थोडा आंखूड करतात. या दोन पद्धतींची तुलना १९७ मुलांवर करण्यांत आली, तेव्हां तीन वर्षांनंतर पहिल्या पद्धतींत शेंकडा ४६ व दुसरींत शेंकडा ३७ मुलांचा परिणाम समाधानकारक नव्हता. पण हा फरक एकीला श्रेष्ठ म्हणण्याइतका मोठा ठरला नाहीं. हे आंकडे वाचून नाउमेद होऊं नये. मात्र एका शस्त्रक्रियेनें जन्माचा निकाल लागतो अशी खात्रीहि बाळगूं नये. डोळा पुन्हा बाहेर सरकणें, दुसरी शस्त्रक्रिया लागणें, या गोष्टी घडतात व त्या दरवेळीं शस्त्रवैद्याचें अपयश नसतात. शस्त्रक्रियेनंतर कांहीं आठवडे डोळा लाल राहतो, आणि पहिले कांहीं दिवस डोळा किंचित् आंत वळलेला व दृश्य दुहेरी दिसूं शकतें. पुष्कळदां तें हेतुपुरस्सर केलेलें असतें. भुलीचा धोका व जंतुसंसर्गाची शक्यता फार थोडी असली तरी ती समजून घेऊनच संमति द्यावी.

प्रौढपणींहि शस्त्रक्रिया करतां येते. लहानपणींच गमावलेली खोलीची जाणीव तेव्हां परत येईलच असें नाहीं; पण डोळा सरळ होतो, व दुहेरी दिसत असल्यास तें पुष्कळदां थांबतें. बाहेर वळलेल्या डोळ्यामुळें बाजूचें दृश्य जरा अधिक विस्तृत दिसत असतें. तें सरळ झाल्यावर आकुंचित वाटतें, याची कल्पना रोग्याला आधीं असावी. शहराबाहेरच्या वाचकांसाठीं एवढें सांगणें जरूर आहे कीं, २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांची जी तपासणी होते, तींत दृष्टिदोषांचाहि समावेश आहे. तपासनिसानें चिठी दिली तर ती दप्तरांत पडून राहूं देऊं नये.

घराचें कर्तव्य

सार्त्र यांनीं आपल्या बालपणाच्या आठवणी १९६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध केल्या. लहानपणीं त्यांचे कुरळे केस लांब वाढविलेले होते. एके दिवशीं आजोबांनीं त्यांना न्हाव्याकडे नेऊन केस कापून आणले. केसांच्या महिरपींत झांकलेलें व्यंग उघडें पडलें, आणि मुलाला पाहतांच आई आपल्या खोलींत जाऊन रडत बसली. मुलाच्या ध्यानांत राहिला तो आरसा नव्हे, तर आपल्या घरच्यांचा बदललेला चेहरा. पांचपन्नास माणसांच्या घरांत वाढणाऱ्या मुलाभोंवतीं तर असे कितीतरी चेहरे असतात. पाहुण्यांपुढें "जरा सरळ बघ" म्हणून त्याला टोंचणारे काका, छायाचित्राच्या वेळीं त्याला कडेला उभें करणारी आत्या, आणि टोपणनांवानें हांक मारणारीं चुलत भावंडें यांपैकीं कोणाच्याच मनांत वाईट नसतें; पण डोळा मुलाच्या इच्छेनें वळत नसतो, आणि टोंचण्यानें तो सरळ होत नाहीं.

डोळ्याच्या वळणावरून माणसाच्या बुद्धीचें किंवा कर्तृत्वाचें मापहि काढतां येत नाहीं. लिओनार्दो द व्हिंची याच्या चेहऱ्यावरून घडविल्या असाव्यात अशा सहा कलाकृतींचें मोजमाप करून, त्यालाहि अधूनमधून डोळा बाहेर वळण्याचा विकार असावा, असा तर्क क्रिस्टोफर टायलर या संशोधकानें २०१८ सालीं मांडला. तो तर्कच आहे. पण तो खरा असला तरी चित्रकाराच्या थोरवींत त्यानें उणेपणा येत नाहीं.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांनीं दोन गोष्टी सांभाळाव्यात. आईनें "डोळा वळतो" असें म्हटलें तर तिचें म्हणणें खरें धरून मुलाची तपासणी करावी. आणि ती तपासणी व उपचार चालू असतां मुलाला इतर भावंडांप्रमाणेंच, किंचितहि कमीअधिक न करतां, वागवावें. यांतली पहिली गोष्ट मुलाची दृष्टि राखील व दुसरी त्याचें मन. वैद्याच्या हातीं पहिलीचाच कांहीं भाग आहे. दुसरी सर्वस्वीं आपल्या हातीं आहे.